कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबला मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जानेवारीच्या पहाटे तोच १२ पर्यंत उतरतो. पऱ्हाटीच्या गावाला हे दोन्ही टोकांचं हवामान अंगवळणी पडलेलं आहे, पण इंजिनाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. ४५ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. सिलिंडरचं आकारमान तेच राहतं, त्यात शिरणारा प्राणवायू मात्र कमी होतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल किंचितच कमी सोडतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण जवळजवळ ५ टक्के घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. हिवाळ्यात गुणी वाटणारी मोटारसायकल उन्हाळ्यात जड चालते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. शर्यतीच्या गाडीत हेच ५ टक्के निकाल फिरवू शकतात.

या गावात शर्यतीच्या मोटारी धावत नाहीत. त्या गाड्यांचा कार्बोरेटर ज्या नियमांनी चालतो, ते मात्र इथल्या फटफटीच्या कार्बोरेटरलाही तसेच लागू आहेत. भारतात दुचाक्यांचे कार्बोरेटर २०२० सालच्या भारत स्टेज ६ नियमांपर्यंत टिकले. त्यामुळे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र, फुंकून साफ करणारा, एअर स्क्रू पाव आटा फिरवून कान देणारा मिस्त्री खेड्यापाड्यांत आजही भेटतो.

चारचाकीत महाराष्ट्राचं या यंत्राशी जवळचं नातं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे तिच्यावरच बेतलेली प्रीमियर पद्मिनी तयार झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. याच फियाट मद्रासजवळ शोलावरमला, युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर, शर्यतीत पळत. दिवसभर भाडं मारणाऱ्या गाडीचं इंजिन आणि शर्यतीतलं इंजिन मुळात एकच, फरक तयारीचा. त्या तयारीचा मोठा भाग कार्बोरेटरपाशी येऊन ठेपतो.

घरगुती गाडीत एक कार्बोरेटर चारही सिलिंडरांना पुरतो. मॅनिफोल्डच्या नळ्यांतून मिश्रण वाटलं जातं, पण वाटप सारखं होत नाही. कुणाला घट्ट मिळतं, कुणाला पातळ. रोजच्या वापरात ते चालून जातं. शर्यतीत चालत नाही, म्हणून तिथे प्रत्येक सिलिंडरला कार्बोरेटरचा स्वतंत्र घसा, म्हणजे हवेची वाट, देण्याची रीत पडली. एदोआर्दो वेबर यांनी १९२३ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात कारखाना काढला. त्या कारखान्याचे दोन घशांचे आडवे डीसीओई कार्बोरेटर या कामासाठी जगभर गाजले. फोर्ड लोटस कॉर्टिनाच्या १५५८ सीसीच्या इंजिनावर असे दोन बसवलेले असत, म्हणजे चार सिलिंडरांना चार घसे. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५८ वेळा हवा ओढतो आणि एकदा ओढायला त्याला सेकंदाच्या सुमारे २३० व्या भागाइतकाच वेळ मिळतो. तेवढ्या वेळात चारही घशांनी सारखीच हवा आणि सारखंच पेट्रोल द्यायचं असतं.

इथेच बहुतेक जण घाई करतात. गाडी ओढत नाही म्हटलं की पेचकस थेट कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. माझं ठाम मत आहे की कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी टॅपेटची गॅप, मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, पॉइंटची गॅप, टायमिंग, प्लग. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा चोरली जाते का, ते पाहायचं. पंपाचा दाब तपासायचा. वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतो, जास्त झाला तर फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल ओसंडतं. मग फ्लोटची पातळी. हे सगळं जागेवर नसेल तर कार्बोरेटरवर घेतलेली मेहनत दुसऱ्याच कुठल्या तरी दोषावर घातलेलं पांघरूण ठरते. तो दोष मात्र आत तसाच राहतो आणि भर शर्यतीत वर येतो.

त्यानंतर दोन्ही कार्बोरेटर जुळवायचे. जोडदांडी सोडवायची, इंजिन गरम करून स्लोवर ठेवायचं आणि रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं घशाच्या तोंडाशी धरायचं. फुसफुस एका घशात मोठी आणि दुसऱ्यात बारीक येत असेल तर हवा असमान आहे. यासाठी मीटर मिळतो आणि तो वापरावाही, पण कान तयार असलेला माणूस मीटर लावण्याआधीच फरक सांगतो. हवा जुळली की चारही मिश्रणाचे स्क्रू एकेक करून घ्यायचे. इंजिन अडखळेपर्यंत आत, मग ते सर्वांत सुरळीत वाटेल तिथपर्यंत बाहेर. असं एकदा करून भागत नाही, कारण एक सिलिंडर सुधारला की फेऱ्या वाढतात आणि बाकीच्या तिघांचं गणित हलतं.

खरी परीक्षा पूर्ण रेसवर होते. तिथे मेन जेट बोलतो. वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १४५ म्हणजे १.४५ मिलिमीटर. १४५ काढून १५० घातला की व्यास ०.०५ मिलिमीटरने वाढतो, पण छिद्राचं क्षेत्रफळ ७ टक्क्यांनी वाढतं. बोरी अरबच्या मे आणि जानेवारीतला ५ टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ जेटची एक पायरीच. म्हणूनच शर्यतीच्या चमूकडे जेटची डबी असते आणि सकाळच्या सरावाचा जेट दुपारच्या शर्यतीला राहीलच असं नाही.

जेट बरोबर आहे का, ते प्लग सांगतो. वरच्या गियरमध्ये पूर्ण रेसवर गाडी पळवायची, त्याच क्षणी क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, गाडी तशीच थांबू द्यायची आणि प्लग काढून पाहायचे. काजळी धरलेला प्लग म्हणजे मिश्रण घट्ट, पांढराफटक म्हणजे पातळ, फिकट बदामी असेल तर ठीक. चारही प्लग शेजारी मांडले की कुठला सिलिंडर वेगळा वागतो, ते डोळ्यांना दिसतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, पण सर्वाधिक ताकद १२.५ ते १३ च्या दरम्यान मिळते. त्यामुळे शर्यतीचं इंजिन थोडं घट्टच ठेवतात. त्याहून घट्ट झालं तर ताकद थोडी जाते, पण पातळ मिश्रणाने पिस्टनला भोक पडू शकतं. शंका असेल तेव्हा मोठा जेट घालावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी: तारीख, तापमान, जेटचा आकडा, प्लगचा रंग. आपल्याकडे हे ज्ञान हातात आणि कानात राहिलं, कागदावर फार थोडं आलं. म्हातारा मिस्त्री गेला की त्याच्या जेटच्या डबीचा अर्थही जातो. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता पेट्रोलच बदललं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने या इंधनाला वजनाने साडेतेरा पट हवा पुरते. जुन्या जेटवर इंजिन त्यामुळे पातळ चालतं. तुमच्या गोठ्याशेजारी जुनी पद्मिनी, जिप्सी किंवा कार्बोरेटरची मोटारसायकल उभी असेल, तर या उन्हाळ्याआधी तिच्या रबरी नळ्या आणि फ्लोटची सुई तपासून घ्या. प्लग काढून त्याचा रंग पाहा. पांढरा पडला असेल तर मेन जेट एक पायरी मोठा घाला, आणि तो आकडा लिहून ठेवा.