डिझेलच्या हिशेबात २०११ साल कुठून आलं?



यंदाच्या बंदीत, १ जून ते ३१ जुलै, तुमच्या बोटी दुरुस्तीला वर चढल्या तेव्हा आम्ही सोसायटीचा कॉम्प्युटर दुरुस्तीला काढला. आम्ही म्हणजे सेक्रेटरी एकटेच. शिक्षण बारावी, आणि कॉम्प्युटरचं ज्ञान बिल छापण्यापुरतं.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत होता. इंजिनाचा आवाज बदलला की तांडेल लगेच कान देतो. आम्ही मात्र वर्षभर पंखा वाजतोय असं समजत बसलो. सगळ्यांचं डिझेल, बर्फ, शेअर, उधारी त्या एका डब्यात. "बॅकअप आहे ना?" असं कमिटीत कोणी विचारलं की आम्ही ड्रॉवरातला पेनड्राईव्ह दाखवायचो. जूनमध्ये तो दुसऱ्या मशीनवर लावून पाहिला. शेवटची फाईल २०१९ ची, आणि तीही उघडेना.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी सगळा डेटा दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. एक आता ऑफिसच्या कपाटात असते, दुसरी चेअरमनांच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल, आणि महिन्यातून एकदा फाईल खरंच उघडते का ते पाहायचं.

मग झाकण उघडलं. खाऱ्या हवेने आत हिरवा गंज. एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा सेल, पन्नास रुपयांच्या आतला. मशीन बंद असताना तारीख-वेळ तो सांभाळतो. आमचा कधीच मेला होता. आम्ही रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतो, त्यामुळे सकाळी मशीन उठायचं ते १ जानेवारी २०११ मध्ये. सरकारी वेबसाईट "सुरक्षित नाही" म्हणून उघडायच्या नाहीत, आणि आम्ही इंटरनेटवाल्याशी भांडायचो! तारीख हाताने बदलायची सवय होती. पण पहाटे बोटी सुटायच्या घाईत कधी राहून जायची.

त्या दिवसांची डिझेलची बिलं २०११ सालात जाऊन बसली. उधारी बरोबर दिसायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण वर्षाच्या खरेदीवर रिबेट काढतो, त्या बेरजेत ही बिलं नव्हती. काही सभासदांना रिबेट कमी मिळालेला आहे. चूक आमची आहे.

मशीनवर विंडोज ७ होतं. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. त्यामुळे नवीन मशीन घेतलं, यूपीएसची बॅटरी बदलली, आणि स्क्रीनवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढून टाकली. (ती चिठ्ठी बर्फवाल्यालाही पाठ होती.) आता बिलं करणाऱ्याचा आणि आमचा पासवर्ड वेगळा. घरी मुलांचा लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, एवढं बघून ठेवा.

एक फजिती सांगायलाच हवी. जुना बिलाचा प्रिंटर ज्या रुंद पिनांच्या केबलवर चालतो, ती लावायला नव्या मशीनला जागाच नाही. हे आम्हाला कळलं १ ऑगस्टच्या पहाटे, डिझेलला रांग लागलेली असताना. दोन दिवस कार्बन पेपर घालून हाताने बिलं केली. तुम्ही बोललात, बरोबरच बोललात. आता वेगळं कार्ड बसवून प्रिंटर चालू आहे.

२०११ च्या नावावरची बिलं आम्ही काढून ठेवली आहेत, पण ती नेमक्या कुठल्या दिवसाची ते मशीन सांगत नाही. तुमच्याकडच्या पावत्यांवरही तीच तारीख छापलेली असणार. अशी पावती सापडली तर चवथीआधी घेऊन या. पावती नसेल तरी बोटीची वही आणा, बिल नंबरावरून जुळवू. फरक निघेल तो कमिटीपुढे ठेवून तुमच्या खात्यात जमा करू. ऑफिस सकाळी दहा ते एक उघडं आहे.