तळणाचे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे
वापरलेले तळणाचे तेल गाळून ट्रकच्या टाकीत ओतले की झाले बायोडिझेल, असा अनेकांचा समज असतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालले होते, म्हणून तो अगदी निराधारही नाही. पण तेलाची श्यानता (दाटपणा) डिझेलच्या सुमारे १० पट असते. फवारणी पंपात काकवी भरली, तर नोझलमधून तुषार न उडता धार गळते. इंजेक्टरचेही (इंधनाचा फवारा सोडणारा भाग) तसेच होते आणि अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी आत साचते. बायोडिझेल करताना तेलावर मिथेनॉल आणि उत्प्रेरकाची (क्रियेला वेग देणारा पदार्थ) प्रक्रिया होते. ग्लिसरीन वेगळे होऊन पातळ इंधन मिळते. 'बी-२०' म्हणजे असे २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के डिझेल. मिश्रण भरण्यापूर्वी इंजिन बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली मर्यादा जरूर पाहावी.