खेळता खेळता प्राचीन चीन

चीन म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर काय येते? नूडल्स, स्वस्त खेळणी, एक लांबलचक भिंत आणि मांच्युरियन! त्यातले मांच्युरियन तर भारतातच जन्मले. परीक्षेपुरती राजघराण्यांची नावे पाठ होतात आणि पेपर संपला की विसरलीही जातात. हाताने केलेली गोष्ट मात्र मुलांच्या लक्षात राहते. म्हणून सुट्टीतल्या चार-पाच दुपारी या जुन्या संस्कृतीसाठी राखून ठेवा. लागणारे सामान बहुतेक घरातच सापडेल. अट एकच, प्रत्येक खेळानंतर मुलांना विचारायचे, ‘हे आपल्याला कसे कळले?’

हाडांवरचे प्रश्न

सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी शांग घराण्याच्या राजांना भविष्य जाणून घ्यायचे असले की बैलाचे हाड किंवा कासवाचे कवच तापवले जाई. त्याला पडणाऱ्या भेगांवरून उत्तर शोधत आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवत. पाऊस पडेल का, पीक येईल का, इतकेच काय, राजा वू दिंगच्या दातदुखीबद्दलही विचारणा झालेली आहे! त्याची राणी फू हाओ सैन्याचे नेतृत्व करी, हेही या हाडांनीच सांगितले. १९७६मध्ये तिची कबर सापडली तेव्हा आत शंभराहून अधिक शस्त्रे होती.

मुलांना कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि एक बोथट खिळा द्या. उभी रेघ, वर फांद्या, खाली मुळे काढली की झाले ‘मू’ म्हणजे झाड. दोन झाडे शेजारी काढली तर ‘लिन’, म्हणजे राई. तीन काढली तर ‘सेन’, म्हणजे दाट अरण्य. सूर्याशेजारी चंद्र आला की ‘मिंग’, उजेड. आता मुलांना त्यांच्या मनातला एखादा प्रश्न अशाच चित्रांनी कोरू द्या.

जड पुस्तक, हलका कागद

कागद येण्यापूर्वी चीनमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. आइस्क्रीमच्या काड्या दोऱ्याने चटईसारख्या बांधा. प्रत्येक काडीवर वरून खाली एकच ओळ लिहायची आणि उजवीकडून सुरुवात करायची. मग ही गुंडाळी वजनकाट्यावर ठेवा. पहिला सम्राट छिन शी ह्वांग रोजची कागदपत्रे वजनावर मोजून वाचत असे, असे इतिहासकार सिमा छियानने लिहून ठेवले आहे. त्याचा अर्थ मुलांना लगेच उमगेल.

दुसऱ्या दिवशी कागद करा. रात्रभर भिजवलेली रद्दी मोठ्यांनी मिक्सरमधून काढून द्यावी. हा लगदा घमेल्यातल्या पाण्यात मिसळा. भरतकामाच्या रिंगमध्ये जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून तो लगद्यातून अलगद वर उचला आणि जाळी कापडावर पालथी घालून उन्हात वाळवा. इ.स. १०५मध्ये दरबारी अधिकारी त्साय लुनने झाडाच्या साली, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी वापरून कागद केल्याची नोंद आहे. मात्र उत्खननात त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे मिळाले. पुरावा सापडला की उत्तर बदलते, हा धडा इथे सहज मिळतो.

मातीची भिंत, मातीचे सैनिक

दुधाच्या रिकाम्या खोक्याची दोन्ही तोंडे कापून ते पाटावर उभे करा. ओलसर मातीचे दोन-दोन बोटांचे थर घालून प्रत्येक थर बत्त्याने घट्ट ठोका. खोके सोलून काढले की भिंत उभी! छिन काळातल्या भिंतीचा बराच भाग असाच ठोकलेल्या मातीचा होता. फोटोत दिसणारी विटा-दगडांची भिंत बहुतांशी मिंग घराण्याच्या काळातली (१३६८-१६४४) आहे. ती अंतराळातून दिसते असे सांगत असाल तर थांबा. २००३मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परतले आणि आपल्याला ती दिसली नाही असे त्यांनी सांगितले.

उरलेल्या दुपारी शाडूचे सैनिक करा. एकाने पाय, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने हात करायचे. चेहरा मात्र प्रत्येकाने वेगळा घडवायचा. १९७४मध्ये शीआन शहराजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जे मातीचे सैन्य सापडले, तेही असेच सुटे भाग जोडून केलेले होते. सैनिकांची संख्या आठ हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे. ते मुळात रंगीत होते, पण बाहेरची हवा लागताच रंग सुटू लागले. सम्राटाची मुख्य कबर तर अजून उघडलेलीच नाही. घाई केली तर आतल्या वस्तू नष्ट होण्याची भीती आहे.

शेवटी नकाशा

याच शीआनमधून, तेव्हाच्या छांगआनहून, सातव्या शतकात ह्युएन त्संग निघाला. मध्य आशियातून तो भारतात आला आणि नालंदाला शिकला. तो महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करत नाहीत, असे त्याचे मत होते. नकाशावर त्याची वाट लोकरीच्या धाग्याने मुलांकडूनच चिकटवून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा. खेळाच्या भरात डोळे ताणून कुणाची नक्कल करू देऊ नका. आपल्याच ईशान्य भारतातल्या मुलामुलींना शहरांमध्ये ‘चिनी’ म्हणून चिडवले जाते. २०२०च्या कोरोनाकाळात तर त्यांना फार सोसावे लागले. ती आपल्याच देशाची मुले आहेत हे मुलांना सांगाच. आणि ज्या देशाचे नाव लोक शिवीसारखे वापरतात, त्या देशातल्या माणसांनी शेतकऱ्याच्या पिकाची आणि राजाच्या दाताची काळजी केली, हेही त्यांना कळू द्या. साबणाची वडी, काड्यांचे पुस्तक आणि शाडूचे सैनिक एका फळीवर मांडा आणि आजी-आजोबांना ते समजावून सांगण्याचे काम मुलांवर सोपवा.