भुयारी गटाराआधी घरची टाकी

किनाऱ्यावरच्या लहान गावात सांडपाण्याचा विषय निघाला की गाडी थेट भुयारी गटारावर येऊन थांबते. मालवणपुरता हिशेब मांडून पाहू. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १८ हजारांच्या वर. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, गटार नसेल तर ७०, असं केंद्र सरकारच्या १९९९च्या नियमावलीतलं प्रमाण आहे. हा फरक उगाच ठेवलेला नाही. नळीतला मैला पाण्याच्या जोरावरच सरकतो. सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळाला नाही तर तो तळाशी बसतो. म्हणजे रोज जवळपास २५ लाख लिटर पाणी हवं. वैशाखात विहिरींनी तळ गाठल्यावर ते आणायचं कुठून? आषाढात नेमकं उलटं होतं. भूजल चढतं, सांध्यांतून नळीत शिरतं आणि शुद्धीकरण केंद्रावर झेपणार नाही एवढा लोंढा येतो. त्यात किनारा सखल, त्यामुळे पंपांवर भिस्त. आणि कोकणात पावसाळ्यातल्या विजेबद्दल न बोललेलंच बरं.

म्हणून आधी लक्ष द्यायला हवं ते घरोघरच्या सेप्टिक टाकीकडे. टाकीचं काम मर्यादित आहे: जड घाण तळाशी बसते, काही कुजते, वरचं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्यात रोगजंतू शिल्लक असतात, म्हणून ते शोषखड्ड्यात जायला हवं. अनेक ठिकाणी ते उघड्या गटारात सोडलेलं असतं. तिथून व्हाळ, व्हाळातून खाडी. शिवाय तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर टाकी ही नुसती मैला पुढे ढकलणारी पेटी उरते. आपल्याकडे ती तुंबल्यावरच उपसतात. साताऱ्यातल्या वाईने यावर उपाय केला. मालवणच्या जवळजवळ दुप्पट लोकवस्तीच्या या गावात २०१८ पासून टाक्या ठरावीक क्रमाने, तीन वर्षांच्या फेरीत उपसल्या जातात. गाळावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे आणि खर्च स्वच्छता करातून भागतो. टँकरवाल्याला घरमालकाने दरवेळी पैसे मोजायचे नसल्याने टाळाटाळीचं कारणच उरत नाही.

यावरचा खरा आक्षेप जांभ्याचा आहे. हा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी झरझर उतरतं, आणि आवारातच विहीर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर दूर असावा, हा नियम अरुंद आवारात पाळता येत नाही. आक्षेप रास्त आहे. बाजारपेठेत आणि हॉटेलांच्या रांगेत शोषखड्ड्याचा हट्ट धरू नये. तिथे टाक्यांतून निवळलेलं पाणी बारीक नळ्यांनी गोळा करून कर्दळीसारख्या पाणवनस्पतींच्या वाफ्यातून गाळता येतं. जड घाण टाकीतच अडकल्याने या नळ्यांना वेगाची तितकी गरज पडत नाही. पण तेही टाक्या वेळच्या वेळी उपसल्या तरच. दुसरं म्हणणं, समुद्र एवढा मोठा, त्याला काय होणार? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, ते तूर्त बाजूला ठेवू. घाण आधी पोचते ती खाडीत, जिथे पाणी उथळ असतं आणि भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होत राहतं. तिथल्या तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. पर्यटक मालवणात येतात ते निम्मे ताटासाठी. तेव्हा हॉटेलच्या परवान्याचं नूतनीकरण करताना नगरपरिषदेने टाकी शेवटची कधी उपसली याची पावती मागितली, तर त्यात हॉटेलवाल्यांचंच हित आहे.