अवधानची चार केंद्रे

भिलाईच्या स्मृति नगरातल्या मतदाराने दोन वर्षांच्या आत दोन तऱ्हांनी मत दिले आहे. कोरोनामुळे लांबलेली महापालिकेची निवडणूक २० डिसेंबर २०२१ ला झाली, तेव्हा हातात मतपत्रिका आणि शिक्का होता. १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेसाठी त्यानेच यंत्राचे बटण दाबले. म्हणून कागद खरा की यंत्र, हा वाद इथल्या मराठी घरांत निघतो तेव्हा तो ऐकीव नसतो. पण त्या वादाला खतपाणी मिळते ते महाराष्ट्रातल्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर असाच एक संदेश फिरला. धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेसच्या कुणाल पाटील यांना शून्य मते पडली, असा. अख्ख्या गावात एकही मत नाही, हे वाचून कुणाच्याही मनात शंका येणारच. प्रत्यक्षात गावातल्या चार केंद्रांवर त्यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४ अशी १,०५७ मते होती. निवडणूक प्रशासनाने तसा खुलासाही केला. मात्र शून्य हा आकडा एका दमात सांगता येतो. चार केंद्रांची बेरीज कोण पुढे पाठवणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचे प्रकरण याहून वेगळे, आणि मला जास्त अस्वस्थ करणारे. माळशिरस मतदारसंघातून उत्तमराव जानकर निवडून आले, पण या गावात त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते पडली. ग्रामस्थांना ते पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान रद्द झाले. कायद्याने अशा मतदानाला अर्थ नव्हता, हे खरे. तरीही शंका घेणाऱ्या गावाला आधी हिशेब उलगडून दाखवायला हवा होता, असे मला वाटते. पोलीस बंदोबस्ताने शंका मिटत नाही, ती गप्प होते एवढेच.

कोरोनाच्या काळात आपण सगळेच मृत्यूंचा सरकारी आकडा ऐकून स्मशानातल्या रांगेकडे बघायला शिकलो. तो अविश्वास अनुभवातून आला होता. अफवेचे तसे नसते. व्हॉट्सॲपने खूपदा पुढे ढकललेल्या संदेशांवर ७ एप्रिल २०२० ला मर्यादा घातली. तरीही त्यानंतर नवव्या दिवशी पालघरच्या गडचिंचलेत मुले चोरणाऱ्यांच्या अफवेने तिघांचा जीव गेला.

निवडणुकीत मात्र पडताळणीची सोय आहे. मतदान संपले की केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो. यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली, ते त्यात असते आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. मोजणीनंतर त्याच्याच दुसऱ्या भागात प्रत्येक उमेदवाराची मते येतात. शिवाय दर विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात. २०२४ ला महाराष्ट्रातल्या २८८ जागांसाठी तशा १,४४० पडताळण्या झाल्या आणि निवडणूक आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे कुठेही तफावत निघाली नाही.

हे कागद पक्षांच्या फायलींत आणि संकेतस्थळांच्या कोपऱ्यात पडून राहतात. निकालाच्या संध्याकाळीच गावाच्या चावडीवर, वस्तीच्या केंद्राच्या दारावर केंद्रनिहाय आकडे मोठ्या अक्षरांत चिकटवायला काय हरकत आहे? तसे झाले असते तर अवधानच्या माणसाने ते चार आकडे आधी आपल्या भिंतीवर वाचले असते आणि मग मोबाइल उघडला असता.