तो मुसलमान असता तर?

निवडणूक आली की जीभ सैल सुटते. उमेदवार स्वतःच्या कामाचा हिशेब देण्याऐवजी समोरच्याची जात आणि धर्म काढू लागतात. विरोधकांपुढे सभ्यपणे वागणे सोपे असते. आपल्याच समर्थकांना आवरणे कठीण.

१० ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या लेकव्हिल येथे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांची सभा होती. एक महिला उठून म्हणाली, "ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत." मॅकेन यांनी मान हलवून तिच्याकडून माईक घेतला. ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आपले मतभेद धोरणांबाबत आहेत, असे त्यांनी सुनावले. ओबामांना घाबरण्याचे कारण नाही, असे म्हटल्यावर त्यांच्याच लोकांनी त्याच सभेत हुर्यो उडवली होती.

मॅकेन यांच्या धैर्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण त्या उत्तरात एक उणीव राहिली. अरब माणूस सभ्य आणि कुटुंबवत्सल नसतो काय?

ती उणीव नऊ दिवसांनी त्यांच्याच पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी भरून काढली. ओबामा ख्रिस्ती आहेत हे सांगून ते थांबले नाहीत. मुसलमान असते तरी काय बिघडले असते, असे त्यांनी विचारले. इराकमध्ये अमेरिकेसाठी प्राण दिलेल्या वीस वर्षांच्या मुस्लिम सैनिकाच्या कबरीचे छायाचित्र त्यांनी वर्णन करून सांगितले. दगडावर चांदतारा होता आणि आई त्यावर डोके टेकून बसली होती.

मॅकेन हरले. पण २०१८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण ओबामांनी केले.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्म वा जातीच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे. सिद्ध झाल्यास निवड रद्द होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. आचारसंहिता मोडली, तर निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो वा व्हिडिओसह तक्रार करता येते.

मात्र हा नियम आपल्या मोहल्ल्यातल्या सभेलाही लागू आहे. आपला उमेदवार दुसऱ्या समाजाची टिंगल करतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो का? घरातली मुले त्या टाळ्या ऐकत असतात.