मत दिले म्हणजे शेत विकले नाही

निवडणूक आली की गावोगाव दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक जण म्हणतो, "आजवर त्यालाच मत दिलं. आता कसं सोडायचं? गावात तोंड दाखवायचं आहे ना!" दुसरा म्हणतो, "सगळे एकाच माळेचे मणी. यापुढे मतालाच जाणार नाही." पहिल्याला लाज वाटते. दुसऱ्याला चीड आली आहे. दोघांचाही आपल्या पुढाऱ्यावरचा विश्वास उडाला आहे. पण विश्वास उडाल्यावर करायचे काय, हे दोघांनाही सुचत नाही. तेच आपण या पाठात पाहू.

शेत खंडाने दिले तर मालकी जाते काय? नाही. मुदत संपली की आपण बांधावर जातो. पीक कसे काढले, बांध राखला की मोडला, हे पाहतो. पटले तर पुन्हा त्यालाच देतो. नाही पटले तर दुसऱ्याला देतो. मताचेही तसेच आहे. आमदाराला आपण पाच वर्षांसाठी मत देतो. मुदत संपली की मत पुन्हा आपल्या हाती येते.

याचे एक उदाहरण आपल्या नवी मुंबईतच आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवे शहर वसवण्यासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरवण्यात आली. भातशेती गेली, मिठागरे गेली. आगरी आणि कोळी माणसांच्या जगण्याची तऱ्हाच बदलली. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड, गावठाणात गरजेपोटी बांधलेली घरे, पोरांना नोकऱ्या, हे प्रश्न पुढे आले. असे प्रश्न एकट्या माणसाला मंत्रालयात नेऊन सोडवता येत नाहीत. त्यासाठी आपला माणूस विधानसभेत लागतो.

गणेश नाईक १९९० साली शिवसेनेतर्फे बेलापूरचे आमदार झाले. १९९५ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडले आणि ते मंत्री झाले. पुढे ते राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. १९९९ च्या निवडणुकीत त्याच बेलापुरात शिवसेनेच्या सीताराम भोईरांनी त्यांचा पराभव केला. २००४ साली लोकांनी नाईकांना परत निवडून दिले. २००९ सालीही निवडले. याही काळात ते मंत्री होते, ठाणे जिल्ह्याचे पालकमंत्री होते. शहरात त्यांचा शब्द चाले.

मग २०१४ साल आले. बेलापुरात भारतीय जनता पक्षाच्या मंदा म्हात्रे यांनी नाईकांना हरवले. किती मतांनी? अवघ्या १,४९१ मतांनी. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

आता कोणी म्हणेल, लोकांचा विश्वास उडाला म्हणून ते पडले. हे अर्धेच खरे. त्या वर्षी युती तुटली होती, आघाडीही तुटली होती. मोठे पक्ष वेगवेगळे लढले. शिवसेनेच्या उमेदवारालाही पन्नास हजारांवर मते पडली. जिंकलेल्या उमेदवाराला मिळाली त्याहून अधिक मते बाकीच्यांना मिळून पडली होती. शिवाय त्याच दिवशी शेजारच्या ऐरोलीत नाईकांचे चिरंजीव संदीप नाईक राष्ट्रवादीतर्फेच निवडून आले. एकच शहर, एकच पक्ष, एकच घर. पण दोन मतदारसंघांनी दोन निकाल दिले.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. मतयंत्र आकडा सांगते, कारण सांगत नाही. कोणी पाण्यासाठी रागावला, कोणी घराच्या प्रश्नासाठी, कोणी पक्ष बदलला म्हणून. यंत्रात सगळ्यांची मते सारखीच पडतात. म्हणून कारण आपण तोंडाने सांगावे लागते. सभेत विचारावे. चार शेजारी मिळून अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. आपण न बोलता पाडले, तर पडलेल्याला चूक कळत नाही आणि निवडून आलेल्यालाही आपले काम कळत नाही.

विश्वास नव्या माणसालाही सांभाळावा लागतो. २०१९ साली मंदा म्हात्रे बेलापुरात चाळीस हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. २०२४ साली त्या पुन्हा जिंकल्या, पण संदीप नाईकांच्या विरुद्ध केवळ ३७७ मतांनी! एस.टी.च्या नऊ गाड्यांत मावतील एवढीच ही माणसे. "माझ्या एका मतानं काय होणार?" असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. इकडे गणेश नाईक २०१९ साली भारतीय जनता पक्षात गेले होते. त्या पक्षातर्फे ते ऐरोलीतून २०१९ आणि २०२४ साली निवडून आले. म्हणजे एकदा पडलेला माणूस कायमचा पडत नाही.

मोठमोठ्यांचेही असेच झाले आहे. खाडीपलीकडे मुंबईत स. का. पाटील हे काँग्रेसचे बलाढ्य पुढारी होते. मुंबईचे महापौर झाले, दिल्लीत मंत्री झाले. त्यांना कोणी पाडील असे कोणाला वाटत नव्हते. १९६७ साली कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांच्या माणसांनी मतदारांना एवढेच पटवले की, तुम्ही मनात आणले तर पाटलांना हरवू शकता. लोकांनी मनात आणले आणि पाटील पडले. १९७७ साली तर पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. तीन वर्षांनी, १९८० साली, लोकांनीच त्यांना पुन्हा निवडले.

मग आपण हिशेब कसा करावा?

आधी काम कोणाचे ते ओळखावे. नळाचे पाणी, गटार आणि कचरा ही महापालिकेची कामे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड सिडकोकडून मिळतो. कायदा करणे आणि सरकारला जाब विचारणे हे आमदाराचे काम. गटार तुंबले म्हणून एकट्या आमदाराला शिव्या देऊ नयेत. पण अनेक वर्षे घरांचा प्रश्न लोंबकळला, तर त्याला जरूर विचारावे.

मग जुने वचन आठवावे. मागच्या वेळी काय कबूल केले होते? त्यातले किती झाले? उमेदवार आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे खटले प्रतिज्ञापत्रात लिहून देतो. ते कोणालाही पाहता येते. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका, स्वतः वाचा.

भीड बाळगू नये. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी" असे कोणी ऐकवील. पण रस्ता झाला, शाळा झाली, ती आपल्याच कराच्या पैशातून झाली. कोणी घरची पोळी वाढली नाही. चांगले काम केले त्याला चांगले म्हणावे, त्याचा मान ठेवावा. मात्र मान ठेवणे वेगळे आणि मत देणे वेगळे. मत गुप्त असते. कोणाला दिले हे सांगायला कोणी भाग पाडू शकत नाही.

आणि घरी बसू नये. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. एक संधी गेली की पुढची येईपर्यंत वाट पाहावी लागते. कोणीच पसंत नसेल तर २०१३ सालापासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण आहे. आमदारकीच्या निवडणुकीत त्याने निकाल बदलत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मते तोच निवडून येतो. पण तुमची नापसंती मोजली जाते.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. ती पाच तोंडे उघडली तरच परमेश्वर बोलणार. ज्याच्यावर कालपर्यंत विश्वास होता त्याला आज जाब विचारणे ही बेइमानी होत नाही. शेताचा मालक बांधावर जातो, तो भांडायला जात नाही. आपले शेत पाहायला जातो.